पंडिता रमाबाई आणि केडगावच्या अंध भगिनी

आपल्या मंडळातर्फे आपण गावातल्या अपंग मुलांच्या शाळेसाठी दरवर्षी वर्गणी गोळा करतो. दिवाळीच्या आधी फराळाचे जिन्नस करून विकतो आणि त्यातली शिल्लक शाळेला देतो. आपल्यातल्या काही भगिनी सवड काढून तिथे शिवण व भरतकाम शिकवायला जातात. हे काम करताना एक प्रश्न दारोदार ऐकू येतो. या मुलांना दोन घास द्यावेत, कपडालत्ता द्यावा, हे ठीक. पण त्यांना शिकवून काय उपयोग? या प्रश्नाला तोंडाने उत्तर देण्यापेक्षा ज्यांनी कामाने उत्तर दिले अशा एका थोर बाईंचे चरित्र वर्धापनदिनाच्या निमित्ताने सांगावे असे मनात आले. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. विधवांच्या कैवारी म्हणून त्या सर्वांना माहीत आहेत. अंधांसाठी त्यांनी केलेले काम मात्र फारसे कोणी सांगत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकणे हे त्या काळी पाप मानीत. शास्त्रीबुवांनी तरीही पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि त्या माउलीने ते मुलीला दिले. पुढे घर सुटले. पुराण सांगत, तीर्थयात्रा करीत हे कुटुंब सारा देश पायी फिरले. रमाबाईंच्या तोंडी हजारो श्लोक बसले ते अशा वाटचालीत.

मग दुष्काळ आला. शिल्लक संपली, भांडी विकली, झाडाचा पाला खायची पाळी आली. अनंतशास्त्री तोवर म्हातारे झाले होते आणि त्यांची दृष्टी गेली होती. अन्नावाचून शेवट जवळ आला तेव्हा त्यांनी धाकट्या लेकीला कवेत घेतले. तिचे तोंड त्यांना दिसत नव्हते. डोक्यावरून आणि गालांवरून हात फिरवून त्यांनी तिचा निरोप घेतला. १८७४ साली ते गेले, थोड्याच आठवड्यांत आई गेली आणि नंतर थोरली बहीणही गेली. तेव्हा रमाबाई अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. आंधळ्या माणसाचे हात कसे बोलतात हे त्यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवले होते, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

भाऊ श्रीनिवास आणि त्या चालत चालत १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. पुढल्या वर्षी मुलगी मनोरमा झाली. ती वर्षाचीही झाली नव्हती तोच पटकीने पती गेले. पदरात तान्हे मूल, माहेर नाही, सासर नाही, अशा स्थितीत त्या १८८२ साली पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. आजच्या आपल्या महिला मंडळांची ती थोरली बहीणच म्हणायची.

डॉक्टर होऊन बायकांना औषधपाणी करावे ही त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीच्या पैशावर १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे एक मोठे संकट उभे राहिले. त्यांना कानाने कमी ऐकू येऊ लागले. डॉक्टरीचे शिक्षण त्यामुळे सोडून द्यावे लागले. हे कमी ऐकू येणे जन्मभर राहिले आणि वयाबरोबर वाढत गेले. दुसरी कोणी असती तर नशिबाला बोल लावून बसली असती. रमाबाईंनी हाती असलेले काम बदलले, हेतू बदलला नाही. चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्या शिकल्या, तेथेच त्यांनी संस्कृत शिकवलेही. इंग्लंडातच त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त आपल्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. आनंदीबाई त्यांच्या नात्यातल्या. रमाबाई तेथे दोन वर्षांहून अधिक राहिल्या, गावोगाव भाषणे केली, इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि उच्चवर्णीय हिंदू विधवांची दशा तेथील लोकांसमोर मांडली. लोक हळहळले. पण नुसत्या हळहळीने शाळा चालत नाही हे बाईंना पक्के ठाऊक होते. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन शहरी रमाबाई असोसिएशन नावाची संस्था स्थापन झाली. तिच्या हाताखाली निरनिराळ्या गावी लहान लहान मंडळे निघाली. त्यांत बहुतेक आपल्यासारख्या घरसंसारी बायका होत्या. दहा वर्षे दरवर्षी ठराविक वर्गणी देण्याचे वचन त्यांनी दिले आणि ते पाळले. दरसाल सभा भरे, अहवाल छापून निघे आणि जमाखर्च सर्वांपुढे ठेवला जाई.

यातून आपण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एकाच वेळी मोठी रक्कम देऊन नाव होते, परंतु संस्थेला पुढच्या महिन्याचा तांदूळ कोठून येणार याची काळजी असतेच. थोडे पण नेमाने येणारे पैसे असले म्हणजे मास्तरांचा पगार ठरवता येतो, मुलाला शाळेत घेताना मागेपुढे पाहावे लागत नाही.

या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई अर्थात बाया कर्वे झाल्या आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी झोळी घेऊन वर्गणी मागत फिरल्या. एका ठिकाणी दिलेली देणगी अशी दुसऱ्या ठिकाणी उगवते.

शारदासदन १८९० साली पुण्यास गेले. १८९३ साली मोठा वाद झाला. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते अशी ओरड झाली, न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपल्या खोलीत आपण प्रार्थना करतो, कोणाला बोलावत नाही, येणारीला हाकलतही नाही. लोकांचे म्हणणे असे की, लहान मुलींवर त्याचा परिणाम होणारच. दोन्ही बाजूंना आपापली तळमळ होती. त्यात ज्या मुली काढून नेल्या त्यांची पाटी मात्र सुटली, याचे वाईट वाटते. अमेरिकेतील संस्थेच्या प्रमुख बाई त्या साली स्वतः येथे आल्या आणि सर्व डोळ्यांनी पाहून गेल्या. ज्या संस्थेला आपण पैसे देतो तिथे वर्षातून एकदा तरी पाऊल टाकावे, शंका असेल ती समोर विचारावी आणि मग बोलावे, हे मला त्यावरून पटते.

१८९६–९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात पोळलेल्या रमाबाई घरी बसल्या नाहीत. तिकडे जाऊन त्यांनी शेकडो अनाथ मुली व बाया आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, नवीन माणसांना जागा मिळेना. तेव्हा पुणे–दौंड मार्गावर केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांनी सर्वांना नेले. आधी तंबू, मग झोपड्या, मग दगडी इमारती झाल्या. हेच मुक्तिसदन. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तेथूनही मुली आल्या आणि माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

या गर्दीत कोण नव्हते? म्हाताऱ्या होत्या, रोगी होत्या, फसवल्या गेलेल्या मुली होत्या आणि आंधळ्याही होत्या. देवीच्या रोगाने व उपासमारीने त्या काळी कित्येकांचे डोळे जात. बाईंनी निरनिराळ्या लोकांसाठी निरनिराळी घरे केली. अंधांच्या घराला बार्तिमी सदन हे नाव दिले. येशूने दृष्टी दिलेल्या बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट ख्रिस्ती धर्मग्रंथात आहे, त्यावरून ते नाव आले. रस्त्याकडेला बसून मागणारा उठून चालू लागला, असा त्या गोष्टीचा भाव. बाईंनाही तेच साधायचे होते.

तेथे मनोरमेने मोठे काम केले. ती शिक्षणासाठी अमेरिकेत राहिली होती. तिकडे तिने अंधांची ब्रेल लिपी शिकून घेतली. फ्रान्समधील लुई ब्रेल हे स्वतः लहानपणीच अंध झाले होते. त्यांनी कागदावर उठवलेल्या सहा ठिपक्यांची ही लिपी बसवली, आणि बोटाने चाचपून ती वाचता येते. भारतातल्या सर्व भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली ती १९५१ साली. त्याच्या पन्नास वर्षे आधी केडगावच्या माळावर मनोरमाबाई आंधळ्या मुलींची बोटे धरून त्यांना अक्षरे शिकवीत होत्या. ज्या मुलींचे आजोबा अंधपणी अन्नावाचून गेले, त्यांच्या नातीच्या हातून हे घडावे याला काय म्हणावे!

अंध भगिनी वाचू लागल्या, त्याचबरोबर वेताचे काम आणि टोपल्या विणणे अशी कामेही करू लागल्या. मुक्तिसदनात कोणी नुसते बसून खावे असा रिवाज नव्हता. शेती होती, गोठा होता, तेलाचा घाणा होता, माग होते, छापखाना होता, आणि सर्व ठिकाणी बायकाच काम करीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही याच छापखान्यात छापले गेले. त्या अजस्र कामाच्या वेळी बाईंना कानाने फारच थोडे ऐकू येत होते.

आपले भिवंडी गाव मागांचे. कांडी भरणाऱ्या बाईला सूत तुटलेले आधी बोटाला समजते, मग डोळ्याला दिसते, हे येथे घरोघर माहीत आहे. तेव्हा डोळे गेले म्हणजे हात गेले असे निदान आपण तरी म्हणू नये. पाय अधू असला तर बोटे शाबूत असतात, कान गेला तर डोळा तेज असतो. जे आहे त्याला वळण देणारे कोणी भेटावे लागते.

रमाबाईंना १९१९ साली सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ज्या लेकीवर काम सोपवायचे तीच आधी गेली. आईने तो घाव सोसून भाषांतराचे काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. मुक्तिसदन आजही चालू आहे आणि तेथे अंध भगिनींना अजूनही आसरा मिळतो. भारत सरकारने १९८९ साली रमाबाईंचे टपाल तिकीट काढले.

भगिनींनो, आपण काही रमाबाई नव्हेत, आपल्याला संसार आहेत. परंतु बॉस्टनच्या त्या बायकांनाही संसार होतेच. दरमहा ठराविक थोडी रक्कम द्यावी आणि तिची पावती मागून घ्यावी. आठवड्यातला एक तास द्यावा आणि जे आपल्याला येते ते शिकवावे, मग ते टाके घालणे असो की हिशेब असो. आपल्या मेळाव्यात त्या मुलांना पाहुणे म्हणून नुसते समोर बसवू नये. त्यांनी केलेल्या वस्तूंचे टेबल मांडावे, त्यांची गाणी ठेवावी आणि वस्तू दयेने नव्हे तर योग्य किमतीला विकत घ्याव्यात. वर्षाच्या शेवटी किती जमले, किती दिले, कोणते मूल काय शिकले, हे फळ्यावर लिहावे.

येत्या वर्षी मंडळाची सहल केडगावला न्यावी अशी माझी सूचना आहे. कल्याणहून पुणे, पुण्याहून दौंडच्या बाजूला गाडीने जाता येते. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि येताना तेथील भगिनींचे काम नीट पाहून यावे, म्हणजे दारावरच्या त्या प्रश्नाला आपल्याकडे पाहिलेले उत्तर असेल. मंडळाची अशीच भरभराट होवो.