कर्नल विल्यम लॅम्बटन : पृथ्वी मोजणारा आणि आपला फूट तपासणारा

वणा नदीच्या तीरावरील हिंगणघाट हे गाव कापसाच्या व्यापारामुळे सर्वांस परिचित आहे. याच गावी एका इंग्रज सेनाधिकाऱ्याची कबर आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. १८२३ सालच्या जानेवारीत हैदराबादेहून नागपूरकडे मुक्काम हलवीत असता वाटेतच ज्याचा देह पडला, तो हा कर्नल विल्यम लॅम्बटन. हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया त्याने घातला. जगातील सर्वोच्च शिखराला ज्याचे नाव दिले गेले, तो जॉर्ज एव्हरेस्ट याचाच मदतनीस आणि उत्तराधिकारी. शिष्याचे नाव शाळकरी मुलांच्या तोंडी असावे आणि गुरूचे विस्मृतीत जावे, असे जगात पुष्कळदा घडते.

लॅम्बटनचा जन्म इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील एका खेड्यात, सामान्य स्थितीतील कुटुंबात झाला. जन्माचे वर्ष १७५३ च्या सुमाराचे मानतात. गणिताची आवड त्याला बाळपणापासूनच होती. सैन्यात शिरून तो अमेरिकेत गेला, १७८१ साली यॉर्कटाउनच्या शरणागतीत युद्धकैदी झाला, आणि पुढे न्यू ब्रन्सविक प्रांतात सीमेची मोजणी व बराकींची व्यवस्था पाहण्यात त्याची सुमारे तेरा वर्षे गेली. ही वर्षे बाहेरून पाहता रिकामी वाटतात. परंतु याच एकांतात त्याने गणित आणि भूमापनशास्त्र यांचा कसून अभ्यास केला. सूर्यग्रहण पाहताना त्याच्या एका डोळ्यास कायमची इजा झाली. पुढे ज्याला वीस वर्षे दुर्बिणीला डोळा लावून बसावयाचे होते, त्याच्या वाट्यास हे यावे, ही नियतीची थट्टाच म्हणावयाची!

१७९६ साली तो आपल्या पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत एका अंधाऱ्या रात्री जनरल बेअर्डची तुकडी शत्रूच्या शोधात निघाली असता, आपण उत्तरेकडे परतण्याऐवजी दक्षिणेकडे, म्हणजे थेट टिपूच्या छावणीच्या रोखाने चाललो आहोत, हे लॅम्बटनने ताऱ्यांवरून ओळखले. सेनापतीस ते प्रथम पटले नाही. परंतु दिवा लावून होकायंत्र पाहताच ताऱ्यांची साक्ष खरी ठरली.

टिपूच्या पाडावानंतर मद्रासपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची एक अखंड साखळी मोजण्याची योजना त्याने सरकारपुढे मांडली. एक रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची, तिच्या दोन्ही टोकांपासून दूरच्या एखाद्या टेकडीकडे कोन घ्यावयाचे, आणि त्रिकोणमितीने उरलेल्या दोन बाजू काढावयाच्या. मग त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी पुढचा. शेकडो मैलांत जमिनीवर साखळी टाकावयाची ती एखाददुसऱ्या ठिकाणीच. ही कल्पना सर्वांस रुचली नाही. मद्रासच्या हिशेबखात्यातील एका सभासदाने असा आक्षेप घेतला म्हणे की, श्रीरंगपट्टणला जावयाचे झाले तर पालखीच्या भोयांना तसे सांगितले म्हणजे पुरे. त्यासाठी नकाशावर पैसा कशाला खर्चावा? या आक्षेपाला उत्तर मिळाले ते मोजणीतूनच. मद्रास ते मंगळूर हे अंतर नकाशांत चारशे मैल धरलेले होते, ते साडेतीनशेहून थोडे अधिक, सुमारे तीनशे साठ मैलच भरले. चाळीस मैल रुंदीचा मुलूख केवळ कागदावरच अस्तित्वात होता!

या कामाची उपकरणेही विलक्षण योगाने हाती आली. पोलादी साखळी रॅम्सडेन या नामांकित कारागिराची. ती चीनच्या बादशहास नजराणा म्हणून गेली होती, त्याने ती स्वीकारली नाही आणि ती कलकत्त्यास येऊन पडली होती. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट इंग्लंडहून येताना फ्रेंचांच्या हाती सापडून मॉरिशसला गेला; तेथील गव्हर्नराने तो सौजन्याने मद्रासला पाठवून दिला. पुढे १८०८ साली तंजावरच्या देवळावर हे यंत्र चढवीत असताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे कोन मोजावयाचे चक्र वाकले. दुसऱ्या कोणी काम थांबविले असते. लॅम्बटन मात्र तंबूत स्वतःस कोंडून घेऊन सुमारे सहा आठवडे पाचरी आणि स्क्रू यांच्या साहाय्याने ते चक्र कणाकणाने पूर्ववत करीत राहिला.

एप्रिल-मे १८०२ मध्ये मद्रासनजीक सेंट टॉमस टेकडीपाशी त्याने पहिली मोठी आधाररेषा मोजली. तिची लांबी सुमारे साडेसात मैल; शंभर फुटी साखळी चारशे वेळा टाकावी लागली. साखळी जमिनीवर न टाकता लाकडी पेट्यांतून, तिवयांवर, कनातीच्या सावलीत ठेवीत आणि प्रत्येक वेळी उष्णतामापक वाचीत. कारण उन्हाने पोलाद वाढते. उष्णता फॅरनहाइटच्या एका अंशाने चढली तर शंभर फुटांची साखळी इंचाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वाढते. ही वाढ क्षुल्लक वाटेल, पण चारशे साखळ्यांत ती तीन इंचांच्या घरात जाते. मद्रासच्या उन्हाळ्यात सकाळ आणि दुपार यांत कितीतरी अंशांचा फरक पडतो. म्हणून सर्व मोजणी बासष्ट अंश या एकाच उष्णतामानावर आणून मांडावयाची, असा त्याचा शिरस्ता होता. रेषा समुद्रसपाटीवर असती तर किती भरली असती, तोही हिशेब करावयाचा.

यानंतर दक्षिणोत्तर याम्योत्तर रेषेचे काम सुरू झाले. कन्याकुमारीजवळील पुन्नई येथून ही साखळी उत्तरेस सरकत बिदरनजीकच्या दामरगिड्डा या ठाण्यापर्यंत आली. अक्षांश ८ अंश ९ कलांपासून १८ अंश ३ कलांपर्यंतचे हे अंतर सुमारे ६८० मैलांचे आहे. हेतू केवळ नकाशाचा नव्हता. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्यामुळे अक्षांशाचा एक अंश विषुववृत्तापाशी थोडा लहान आणि ध्रुवाकडे थोडा मोठा असतो. दक्षिण हिंदुस्थानातील अंश आणि इंग्लंडातील अंश यांत सुमारे दोन हजार फुटांचा फरक पडतो; त्या फरकावरून पृथ्वीचा चपटेपणा काढता येतो. १८१८ साली लॅम्बटनने आपल्या मोजणीशेजारी इंग्लंड, फ्रान्स व स्वीडन येथील मोजण्या मांडून हा हिशेब प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्या वर्षी रॉयल सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले होते.

आणि येथेच एक पेच उभा राहिला. हिंदुस्थानातील अंश फुटांत मोजलेला, इंग्लंडातील अंशही फुटांतच मोजलेला. पण हे दोन फूट एकच होते काय? आपल्याकडे गज आणि बिघा गावोगाव निराळे असत, हे वडीलधाऱ्यांकडून सर्वांनी ऐकले असेल. शास्त्रज्ञांच्या पितळी पट्ट्यांचीही तीच गत निघाली. हेन्री केटर या शास्त्रज्ञाने १८२१ साली लंडनमध्ये निरनिराळ्या प्रमाण-पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिल्या. इंग्लंडच्या सर्वेक्षणाला आधार असलेली रॅम्सडेनची पट्टी पार्लमेंटच्या यार्डापेक्षा लाखात सात भागांनी लांब भरली. लॅम्बटनच्या मोजणीला आधार असलेली पट्टी दहा लाखांत अठरा भागांनी आखूड निघाली. हा केटर तरुणपणी मद्रासकडे लॅम्बटनच्याच हाताखाली काम करून गेला होता, हे येथे सांगितले पाहिजे. गुरूच्या मापातील उणीव शिष्याच्या हातून उजेडात आली.

हा दोष किती मोठा? पट्टी आखूड असली की तीच लांबी अधिक फूट दाखवते. म्हणून लॅम्बटनचे आकडे कमी करावयास हवे होते, आणि इंग्लंडचे वाढवावयास. ६८० मैलांत लॅम्बटनची रेषा सुमारे पासष्ट फुटांनी अधिक लिहिली गेली होती. दोन्ही दोष एकत्र धरले तर एका अंशामागे बत्तीस फुटांची तफावत येते. जो दोन हजार फुटांचा फरक शोधण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यात ही बत्तीस फुटांची लबाडी मिसळलेली होती. नकाशावर ती कोणाच्या डोळ्यांना दिसली नसती. पृथ्वीच्या आकाराच्या गणितात मात्र ती लपून राहणे शक्य नव्हते.

लॅम्बटनचे वय तेव्हा सत्तरीकडे झुकले होते, प्रकृती ढासळली होती, कीर्ती झाली होती. पट्ट्यांचा वाद लंडनकरांवर सोपवून तो गप्प राहता, तर कोणी त्याला बोल लावला नसता. त्याने तसे केले नाही. पुन्नई ते दामरगिड्डा या संपूर्ण रेषेचे आकडे पार्लमेंटच्या मापावर आणणारे दुरुस्तीचे टिपण त्याने स्वतः लिहून रॉयल सोसायटीकडे पाठविले. ते १८२३ च्या ग्रंथात छापले गेले. तो अंक हिंदुस्थानात येईपर्यंत लेखक हिंगणघाटच्या मातीत विसावला होता. माझ्या मते त्याच्या सर्व पराक्रमांत, तंजावरच्या त्या चक्राच्या दुरुस्तीपेक्षाही, या लहानशा टिपणाची योग्यता मोठी आहे.

अखेरच्या वर्षांत त्याचा मुक्काम आपल्या हैदराबादेतच होता. १८१८ च्या अखेरीस एव्हरेस्ट येथेच त्याच्या हाताखाली रुजू झाला. १८२२ साली वऱ्हाडात एलिचपूरच्या बाजूस टाकळखेडा येथे आणखी एक आधाररेषा मोजली गेली. पुढचे केंद्र नागपूर ठरले होते.

गुरूने जेथे रेषा सोडली त्या अठराव्या अंशापासून एव्हरेस्टने पुढे काम नेले आणि १८३० साली पृथ्वीच्या आकाराचे आपले आकडे प्रसिद्ध केले. त्याने विषुववृत्तीय त्रिज्या धरली ती २,०९,२२,९३१.८० फूट. हे फूट पुन्हा हिंदुस्थानातील पट्टीचे! ज्या पार्लमेंटच्या यार्डावर लॅम्बटनने आपले आकडे आणले, तो यार्ड तर १८३४ च्या आगीत जळून गेला. पुढे फुटांचे मीटर करताना एका गुणकाने ही त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर येते, दुसऱ्या गुणकाने ६३,७७,३०१ मीटर; आणि १९५९ साली ठरलेल्या ०.३०४८ मीटरच्या आंतरराष्ट्रीय फुटाने ६३,७७,३१० च्या जवळ जाते. मूळ आकडा एकच, फूट मात्र तीन. जुन्या नकाशावरील एखाद्या ठाण्याचे स्थान उपग्रहावरून घेतलेल्या स्थानाशी ताडून पाहिले तर ते शेकडो फूट सरकलेले आढळते, कारण दोन्हींच्या मागे पृथ्वीचा आकार व केंद्र निराळे मानलेले असतात. म्हणून जुने आकडे नव्या नकाशावर आणणारा मोजणीदार आजही प्रथम विचारतो तो प्रश्न हाच : हे फूट कोणते, आणि ही पृथ्वी कोणाची?