बाप्तिस्मा झाला, समेट बाकी होता

वाचन: २ करिंथ ५:१८-२१

समेटाबद्दलचं हे वचन वाचताना मला पंडिता रमाबाई आठवतात. केडगावचं मुक्ती मिशन आपल्याला माहीत असतं. बाप्तिस्म्यानंतरची त्यांची आठ वर्षं मात्र फारशी कोणी सांगत नाही.

जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. लहानपण तीर्थयात्रांत गेलं. उपास, स्नानं, दानधर्म, देवाला राजी करायला जे जे करतात ते सगळं त्या कुटुंबाने केलं. आणि दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. रमाबाई भावासोबत चालत चालत कलकत्त्याला पोहोचल्या. तिथे पंडितांनी त्यांना 'सरस्वती' म्हटलं. पण पुढच्या काही वर्षांत भाऊ गेला, मग नवराही. पदरी तान्ही मनोरमा.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे फुलहॅममध्ये, समाजाने टाकलेल्या बायकांची सिस्टर्स मायेने सेवा करत होत्या. असं का करता, हे विचारल्यावर त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकायला मिळाली. बाईला मोक्षाची वाटच बंद, असं शास्त्रांत शिकलेल्या रमाबाईंना हे केवढं वाटलं असेल बघा! त्याच वर्षी २९ सप्टेंबरला माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथेच साक्ष संपायला हवी ना? नाही संपत. पुढे अमेरिका झाली, मुंबईत शारदा सदन निघालं, ते पुण्याला आलं, आणि मन तरी अस्वस्थच. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त अजून मिळालेला नाही, हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलं. एवढ्या विदुषीने हे स्वतः लिहून ठेवलं, याचं मला फार मोल वाटतं. देवाशी समेट आपल्या लायकीवर ठरत नाही. तो देवानेच वधस्तंभावर करून ठेवलाय. आपण आहोत तसे येऊन तो घ्यायचा, एवढंच. रमाबाईंनी तो घेतला.

मग १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. उपासमार म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल उतरवलं. खिळे जुळवले, छापलं, ते मुक्तीतल्या बायकांनीच. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई प्रभूकडे गेल्या.