ग्रंथांना गावोगाव नेणारा राजा

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाडांच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव गोपाळ. घरी शेती होती, गुरे होती, पण पुस्तक नव्हते. बारा वर्षांचा होईपर्यंत या मुलाला धड अक्षरओळखही झालेली नव्हती. पुढे याच मुलाने आपल्या राज्यात ग्रंथालयांचे असे जाळे विणले, की त्या काळी हिंदुस्थानात त्याला जोड नव्हती. हा मुलगा म्हणजेच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. ग्रंथप्रेमी राजे पुष्कळ होऊन गेले. परंतु न वाचणाऱ्या माणसाची चिंता वाहणारा राजा विरळाच.

१८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले. खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी त्याच वर्षी २७ मे रोजी गोपाळला दत्तक घेतले आणि त्याचे नाव सयाजीराव ठेवले. इलियट या इंग्रज गुरूंच्या देखरेखीखाली त्यांचा अभ्यास सुरू झाला. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू असे सारे एकदमच शिकायचे होते. इतर मुले ज्या वयात पाढे संपवून पुढे जातात, त्या वयात त्यांनी पाटीवर पहिले अक्षर गिरवले. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली. अक्षर उशिरा भेटले म्हणजे माणसाचे काय होते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१८९३ साली अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू केला. पण येथेच एक नवी अडचण उभी राहिली. चार-पाच इयत्ता शिकून मूल शेतावर परतले, की त्याच्या हाती पुन्हा पुस्तक पडत नसे. वाचायलाच काही मिळाले नाही, तर शिकलेले अक्षर किती दिवस टिकणार? शाळेवर केलेला खर्च वाया जाऊ द्यायचा नसेल, तर शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय गेलेच पाहिजे, हे महाराजांनी ओळखले.

१९०६ मध्ये महाराजांनी अमेरिकेचा प्रवास केला. तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांच्या मनात भरली. १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास बोलावून घेतले. राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथ प्रजेसाठी देऊन मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला गेला. येथे वर्गणी नव्हती आणि वाचकाला कपाटापर्यंत जाऊन आपल्या हाताने पुस्तक निवडता येत असे. ग्रंथ कुलपात जपावयाचे, हीच तेव्हा बहुतेक ठिकाणची रीत होती. १९११ मध्ये ग्रंथपालांना शिकविण्यासाठी वर्ग निघाला. १९१२ मध्ये ग्रंथालयाचे स्वतःचे नियतकालिक सुरू झाले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असा तिन्ही भाषांतील मजकूर असे.

परंतु राजधानीतील ग्रंथालय खेड्यातल्या माणसाच्या काय उपयोगाचे? म्हणून ग्रंथांनाच प्रवासाला धाडले गेले. लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके भरून त्या गावोगाव पाठवीत आणि वाहतुकीचा खर्च सरकार सोशी. गावाने काही रक्कम जमविली, की तेवढीच पंचायत घाली आणि तेवढीच सरकार घाली. त्यामुळे ग्रंथालय हे सरकारी दान न राहता गावाची मालमत्ता ठरे. मोतीभाई अमीन यांच्यासारखा हाडाचा शिक्षक या कामी खेडोपाडी हिंडला. स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी स्वतंत्र विभाग उघडले गेले.

ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांचे काय? त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्न आली, स्टीरिओस्कोपची चित्रे आली, पुढे सिनेमाही आला. त्या काळातली ही अगदी नवी साधने. ती ग्रंथालय खात्याने हाती घेऊन गावात नेली. अंधारात पडद्यावर उमटणारी दूरदेशीची चित्रे पाहायला सारा गाव लोटे. आज पाहायला आलेला उद्या वाचायला येईल, हा त्यामागचा हिशेब होता.

या चरित्राला दुसरी बाजूही आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेस गेलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्यास नोकरीसाठी आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कचेरीतही विटाळ पाळला गेला. राजाच्या हुकुमाने ग्रंथालयाचे दार उघडते, पण माणसाच्या मनाचे दार तेवढ्याने उघडत नाही, हा धडा विसरता येत नाही.

१९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराजांनी भूषविले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९४९ साली बडोद्यात स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

हे सारे आपल्या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि मग कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. त्या कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या घरांतून कॉलेजात पहिल्यांदाच पाऊल टाकणारे अनेकजण आपल्या वर्गांत बसतात. ग्रंथालयाच्या काउंटरवर काय मागायचे, हेच त्यांना उमगत नाही. आज ग्रंथालये मोबाईलवरून नव्या पुस्तकांची चित्रे पाठवितात, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरून नवागतांना साद घालतात. काहींना हा थिल्लरपणा वाटतो. त्यांनी बडोद्याची मॅजिक लँटर्न आठवावी. मात्र एवढेही आठवावे, की चित्रांचा खेळ आटोपला तरी गावात पुस्तकांची पेटी असे आणि ती उघडून देणारा माणूसही असे. पडद्यावर चित्र दाखवून बडोदे थांबले असते, तर कवळाण्याच्या त्या मुलासारख्या कोणाच्याही हाती पुस्तक पडले नसते.