झाक मोनो : जंतूचे दार शोधणारा शास्त्रज्ञ

संतांची, राजांची आणि पुढाऱ्यांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. आज आम्ही वाचकांपुढे एका फ्रेंच शास्त्रज्ञाचे चरित्र ठेवीत आहोत. मॉरिशसमध्ये आपली मुले शाळेत फ्रेंच शिकतात, तेव्हा झाक मोनो हे नाव पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. योगायोग आणि अनिवार्यता ह्यांवरचे त्यांचे १९७० सालचे पुस्तक एखाद्या घरच्या कपाटातही असेल. पण त्या पुस्तकापेक्षा त्यांच्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. साखर जंतूच्या पोटात शिरते कशी, ह्याची ती गोष्ट आहे. उसाच्या बेटावर वाढलेल्या माणसांना ती परकी वाटू नये.

मोनो ह्यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील चित्रकार, आई अमेरिकन. १९१७ साली कुटुंब समुद्रकाठच्या कान ह्या गावी राहावयास गेले. मुलगा चेलो वाजवू लागला, आणि आपण संगीतकार व्हावे की शास्त्रज्ञ, हे त्याला पुढे बरीच वर्षे ठरवता येईना. १९३४ साली ते शास्त्रज्ञांच्या एका तुकडीबरोबर ‘पुर्क्वा पा’ ह्या जहाजाने ग्रीनलंडला जाऊन आले. १९३६ मध्ये पुन्हा जायचे घाटत होते, पण बोरिस एफ्रूसी ह्या सहकाऱ्याने आग्रह करून त्यांना जनुकशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेस नेले. त्याच सप्टेंबरात ते जहाज आइसलंडजवळ वादळात फुटले. सगळ्यांतून एकच माणूस वाचला. इकडे मोनो अमेरिकेत अभ्यासापेक्षा वाद्यवृंद चालवण्यातच जास्त रमले होते!

१९३८ साली ओदेत ब्र्यूल ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ह्या बाई पौर्वात्य कलेच्या जाणकार. भारतातील देवळांच्या छायाचित्रांचा एक ग्रंथ त्यांनी सिद्ध केला होता. पुढे पॅरिसच्या गिमे संग्रहालयात त्यांनी काम केले.

मग युद्ध आले आणि पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले. त्या दिवसांत मोनो साध्या जंतूंना दोन साखरा एकत्र खाऊ घालून त्यांची वाढ मोजत होते. एक ग्लुकोज, दुसरी लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. जंतू आधी ग्लुकोज संपवीत, मग काही वेळ अगदी स्वस्थ राहत आणि नंतर लॅक्टोजला हात घालीत. हा मधला खोळंबा कशासाठी? हा प्रश्न पुढे वीस वर्षे त्यांच्या मागे लागला. उत्तर असे निघाले, की लॅक्टोज फोडणारे प्रथिन जंतूजवळ तयार नसते. गरज पडली म्हणजे तो ते बनवतो.

दिवसा हे प्रयोग, आणि जोडीला जर्मनांविरुद्ध गुप्त चळवळ. ओदेत ज्यू घराण्यातल्या, त्यामुळे घरालाही धोका होता. प्रयोगशाळेबाहेर जिराफाचा सांगाडा उभा होता. त्याच्या पायाच्या हाडात मोनो गुप्त कागद लपवीत, असे सांगतात. ओळख पटण्याचे भय वाढले तेव्हा त्यांनी टोपणनाव घेतले आणि पाश्चर संस्थेत आंद्रे ल्वॉफ ह्यांच्या आश्रयाने काम चालू ठेवले. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले, त्या लढ्याच्या आखणीतही त्यांचा हात होता. युद्धानंतर ते पाश्चर संस्थेचेच झाले.

आता दाराची गोष्ट. काही जंतू असे सापडले, की लॅक्टोज फोडणारे प्रथिन त्यांच्यात भरपूर, तरी लॅक्टोजवर ते उपाशी मरत. चूल पेटलेली आहे, भांडी मांडलेली आहेत, पण वाणसामान उंबरठ्याबाहेर पडून आहे, तसा हा प्रकार. मोनो आणि जॉर्ज कोहेन आदी सहकाऱ्यांनी लॅक्टोजसारखा पण न फुटणारा किरणोत्सारी पदार्थ जंतूंना दिला. धडधाकट जंतूंनी तो बाहेरच्यापेक्षा कितीतरी पटींनी आत साठवला. उपाशी जंतूंना ते जमेना. ह्यावरून त्यांनी १९५६ साली जाहीर केले, की जंतूच्या पातळ पडद्यात ह्या साखरेपुरते एक खास प्रथिन असले पाहिजे. त्याचे नाव त्यांनी ‘पर्मिएज’ ठेवले.

रसायनशास्त्रज्ञ बिथरले. जे कोणी नळीत काढून दाखवले नाही, त्याचे बारसे कसे करता, असा त्यांचा आक्षेप. आक्षेप अगदीच गैर होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मोनो ह्यांच्याजवळ जनुकांची साक्ष होती. काही जंतूंत दार शाबूत आणि चूल बिघडलेली, काहींत नेमके उलट. म्हणजे दोन्हींची जनुके निराळी, पण शेजारी. फ्रांस्वा झाकॉब ह्यांच्यासह त्यांनी पुढे दाखवले, की ही शेजारची जनुके एकाच कळीने चालू-बंद होतात. ह्या कामाबद्दल १९६५ साली दोघांना ल्वॉफ ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये फॉक्स आणि केनेडी ह्यांनी जंतूच्या पडद्यातले ते प्रथिन खुणेनिशी ओळखले.

१९६५ चा आणखी एक प्रयोग आहे. झाकॉब, आग्नेस उलमान आणि मोनो ह्यांनी असे जंतू निवडले, की त्यांच्या जनुकमाळेतला मधला तुकडा गळून लॅक्टोजची जनुके प्युरिन बनवणाऱ्या जनुकांना चिकटली होती. बैल एका गाडीचा सोडून दुसरीला जुंपला, की तो नव्या गाडीवानाचे ऐकतो. ही जनुके आता लॅक्टोजला दाद देईनात. प्युरिन घातले की त्यांचे काम मंदावे. (उलमानबाई हंगेरीच्या. १९६० साली त्यांना व त्यांच्या पतीला घरगाडीत लपवून सीमेपार आणण्याची खटपट मोनो ह्यांचीच.)

१९७१ पासून मोनो पाश्चर संस्थेचे संचालक होते. १९७२ मध्ये ओदेत वारल्या. ३१ मे १९७६ रोजी कान येथे रक्ताच्या विकाराने मोनो ह्यांचा अंत झाला.

त्याच वर्षी जोनाथन बेकविथ ह्यांच्या हार्वर्डमधील गटाने जनुकांची ही जोड पडद्याच्या अभ्यासाला लावली. हे बेकविथ पूर्वी पाश्चर संस्थेत शिकून गेलेले. त्यांच्या गटाने माल्टोज साखर आत आणणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकाला लॅक्टोज फोडणाऱ्या प्रथिनाचे जनुक जोडले, तेव्हा एरवी आत मोकळे फिरणारे ते प्रथिन पडद्याला जाऊन चिकटले. पुढे मॅनॉइल आणि बेकविथ ह्यांनी फॉस्फटेज नावाचे दुसरे शेपूट वापरले. हे शेपूट पडद्याबाहेर निघाले तरच काम करते, आणि योग्य रसायन घातले की वसाहत निळी दिसते. मग दाराच्या प्रथिनाला जागोजागी तोडून हे शेपूट जोडायचे, आणि कोणता जोड निळा, कोणता पांढरा, एवढे पाहायचे. निळा असेल तेथे प्रथिन बाहेर, पांढरा असेल तेथे आत. धागा कापडातून किती वेळा आरपार गेला हे बोटाने चाचपून मोजावे, तसे हे मोजणे. १९९० साली ह्याच रीतीने मोनो ह्यांच्या पर्मिएजचे बारा फेरे मोजले गेले.

२००३ साली क्ष-किरणांच्या साह्याने त्या पर्मिएजची आकृती प्रत्यक्ष मिळाली. फेरे बाराच निघाले, आणि मध्ये साखर मावेल एवढी पोकळी, आतल्या बाजूस उघडी. दाराला नाव देऊन तेव्हा सत्तेचाळीस वर्षे झाली होती.