विश्लेषण : अंगणवाडीचा विचार आला कुठून? ताराबाई मोडक यांनी शाळा मुलांच्या दारात का नेली?

देशात आज सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यांतील एक लाखाहून अधिक एकट्या महाराष्ट्रात आहेत. गर्भवतीच्या नोंदीपासून मूल पहिलीत जाईपर्यंत सरकार आणि कुटुंब यांची गाठ पडते ती इथेच. पण या केंद्राच्या नावात ‘अंगण’ का आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. त्याचे उत्तर डहाणू तालुक्यातील वारल्यांच्या पाड्यांवर आणि ताराबाई मोडक यांच्या आयुष्यात सापडते.

ताराबाई मोडक कोण होत्या?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. त्यामुळे मुलीने शिकावे, स्वतंत्रपणे विचार करावा, हे घरात गृहीतच होते. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. ज्या काळात मुलगी मॅट्रिक झाली तरी गावात चर्चा होई, त्या काळातील ही गोष्ट.

पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या विभक्त झाल्या आणि लहान मुलीला घेऊन राजकोटला गेल्या. तिथे स्त्री शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्य म्हणून त्यांनी काम केले. प्रतिष्ठा होती, पगार चांगला होता. नोकरी तशीच चालू ठेवली असती तर आयुष्य सुखाने गेले असते.

बालशिक्षणाकडे त्या कशा वळल्या?

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. वकिली सोडून लहान मुलांत रमलेले हे गृहस्थ. छडी नाही, घोकंपट्टी नाही, मूल स्वतःच्या हाताने करून शिकते, ही मारिया माँटेसरी यांची पद्धत ते गुजराती वळणाने राबवत होते. ताराबाईंनी ते काम पाहिले आणि १९२३ मध्ये प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला दाखल झाल्या.

१९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पालकांशी आणि शिक्षकांशी बोलणारी ‘शिक्षणपत्रिका’ निघाली. गुजरातीबरोबर ती मराठी आणि हिंदीतही आणण्याचे श्रेय ताराबाईंचे. मुलाला मारू नये, भीती घालू नये, त्याच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे, असे साधे विषय तिच्यात असत. शिक्षण शाळेत सुरू होते असे मानणाऱ्या समाजाला ते घरातच सुरू होते, हे पटवण्याचा हा प्रयत्न होता.

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. बालमंदिरासोबत बालशिक्षिकांचे प्रशिक्षणही तिथे होऊ लागले. दादरच्या मध्यमवर्गीय वस्तीत या शाळेचे चांगले नाव झाले.

मग सगळे सोडून बोर्डीला का गेल्या?

इथे ताराबाईंच्या कामातील पेच समोर येतो. माँटेसरींचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत, कामगारांच्या मुलांसाठी उघडले होते. भारतात मात्र ही पद्धत पोहोचली ती फी भरू शकणाऱ्या घरांत. लाकडी मनोरे, दट्टे, रंगपट्ट्या, खरखरीत अक्षरे असा साधनसंच महाग होता. ज्या मुलांना घरात पुस्तक, खेळणी आणि पोटभर जेवण होते, त्यांनाच उत्तम बालशाळाही मिळत होती. ज्यांना यातले काही नव्हते, ती मुले बाहेर होती.

१९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाई डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. आचार्य भिसे यांच्या कामामुळे तिथे शिक्षणाचे वातावरण होते. ग्राम बाल शिक्षा केंद्र तिथेच उभे राहिले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या अनुताईंनी पुढचे सगळे आयुष्य या कामाला दिले.

परिसर धगधगता होता. वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध वारल्यांचा लढा १९४५ मध्येच याच भागात उभा राहिला होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको वर्षानुवर्षे सावकाराकडे राबत. अशा घरातील तीन वर्षांच्या मुलासाठी बालवाडी म्हणजे काय, हा प्रश्न दादरमध्ये कुणाला पडला नव्हता.

मुले येईनात, तेव्हा काय केले?

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वाड्या-पाड्यांवरची मुले येईनात. कारणे साधी होती. आई-बाप पहाटे कामावर जात. लहानग्याला केंद्रापर्यंत सोडणार कोण? अंगावर धड कपडा नाही, पोटात काही नाही, आणि गावातल्या लोकांचे भय वेगळेच.

पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असा निष्कर्ष काढून थांबणे सोपे होते. ताराबाईंनी उलटे केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरवून शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात, झाडाच्या सावलीत मुले गोळा होत. गावातील मध्यवर्ती बालवाडी आणि पाड्यावरची ही अंगणवाडी, अशी दोन रूपे तयार झाली.

या बदलाचा खरा फायदा वेगळाच होता. वर्ग अंगणात भरल्यामुळे आई, आजी, शेजारीण हे सगळे समोरच असत. मुलाची नखे कापणे, खरूज धुणे, केस विंचरणे, गाणी म्हणणे, मोजणे हे सर्व त्यांच्या डोळ्यांदेखत होई. शिक्षिकेलाही घर दिसे. चूल पेटली आहे का, कोण तापाने फणफणले आहे, कोणते मूल आठवडाभरात वाळले, हे तिला विचारावे लागत नसे. आज धोरणकर्ते ज्याला लवकर ओळख आणि लवकर उपाय म्हणतात, ते इथे रोजच्या कामातच मिसळलेले होते.

महागड्या साधनांचे काय झाले?

साधनसंच पाड्यावर नेणे परवडणारे नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. शंख-शिंपले, खडे, पाने, फुले, बिया, काड्या हीच साधने झाली. लहान-मोठे ओळखायला पाने, मोजायला बिया, नक्षी करायला शिंपले. समुद्र आणि रान दोन्ही जवळ असल्याने माल फुकट होता. माँटेसरींचा विचार राहिला, फक्त त्यांची लाकडी पेटी गेली. पुढे देशभर बिनखर्चाची शैक्षणिक साधने म्हणून जे रुजले, त्याचे हे सुरुवातीचे ठळक उदाहरण आहे.

विकासवाडी म्हणजे काय?

१९५७ मध्ये काम बोर्डीहून जवळच्या कोसबाड टेकडीवर, थेट आदिवासी पाड्यांच्या शेजारी गेले. तिथे एक नवी अडचण दिसली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. ते भावंड सांभाळायला कुणी नसेल तर थोरलीची शाळा कायमची सुटते.

उपाय असा निघाला की पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवायच्या. बाळ पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. हीच विकासवाडी. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी रानातच भरणारी कुरणशाळा निघाली. वेगवेगळ्या वयांसाठी वेगवेगळी खाती करण्याऐवजी इथे अख्खे कुटुंब नजरेसमोर ठेवले होते.

केंद्र सरकारने १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

सरकारी योजना कधी आली?

त्यांच्या निधनानंतर वर्षभराने, ऑगस्ट १९७४ मध्ये देशाचे पहिले राष्ट्रीय बालधोरण आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या गावपातळीवरील केंद्राचे नाव अंगणवाडी. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांना पोषण-आरोग्य शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात बांधल्या गेल्या. सहा वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता एकाच छत्राखाली आल्या.

यामागचे तर्कशास्त्र सोपे आहे. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या साधारण हजार दिवसांत मेंदूची वाढ सर्वात वेगाने होते. या काळातील कुपोषणाचे नुकसान पुढे भरून काढणे अवघड असते. दहाव्या वर्षी शिकवणी लावण्यापेक्षा दुसऱ्या वर्षी वजन सावरणे स्वस्त आणि परिणामकारक ठरते. महाराष्ट्राने २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू केले, ते याच विचाराने.

कायद्यात मात्र हा वयोगट मागे राहिला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालील मुलांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढेच मार्गदर्शक तत्त्व उरले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनच्या पायाभूत टप्प्याला महत्त्व दिले, पण हक्काचे वय तेच आहे.

ताराबाईंच्या कल्पनेतले काय राहून गेले?

योजनेने नाव घेतले, पोषण घेतले, लसीकरण जोडले. कोसबाडला जे जमले नसते ते प्रमाण सरकारने गाठले. पण तीन गोष्टी मागे पडल्या.

पहिली, शिक्षण. सेविकेचा बराच वेळ आहारवाटप, नोंदी, सर्वेक्षणे आणि मोबाइलवरील पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरण्यात जातो. खेळ, गाणी, गप्पा यांना उरलेला वेळ मिळतो. केंद्राने २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम आणला, तो हीच उणीव मान्य करून.

दुसरी, पाळणाघर. अंगणवाडी दिवसातले काही तास चालते, मजुरी मात्र दिवसभराची असते. विकासवाडीने हा प्रश्न जोडून सोडवला होता. आज अंगणवाडीला जोडलेली पाळणाघरे फारच थोडी आहेत. त्यामुळे धाकट्याला कडेवर घेऊन घरी राहिलेली थोरली बहीण अजूनही दिसते.

तिसरी, मुलामागे जाणे. पालघर जिल्ह्यातून दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. मुले त्यांच्यासोबत जातात, नोंद गावातल्या रजिस्टरमध्ये राहते. कुरणशाळेचा नियम लावायचा तर अंगणवाडी भट्टीपर्यंत गेली पाहिजे.

हे करायचे कुणी, हा प्रश्न शेवटी सेविकेपाशी येतो. बोर्डीची शिक्षिका जे काम करत होती, तेच काम आजची सेविका करते, पण ती कागदोपत्री मानधनावरची मानसेवी कार्यकर्ती आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तेव्हा योजनेला ४६ वर्षे उलटली होती. पाड्यावर पोहोचलेल्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला पूर्ण वेळ आणि पूर्ण वेतन द्यायचे की नाही, याचा निर्णय अजून व्हायचा आहे.