मायकेल फॅरडे आणि हिंदी पोलाद

मायकेल फॅरडे यांचे नाव निघाले की वाचकांस विजेचे स्मरण होते, व ते योग्यच आहे. परंतु याच पुरुषाने तारुण्यातील कित्येक वर्षे चाकू-वस्तऱ्यांस कोणते पोलाद उत्तम, या प्रश्नापायी भट्टीसमोर घालविली, आणि त्या प्रश्नाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत पोहोचतो, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यांच्या चरित्रातील तेवढाच भाग आम्ही येथे विस्ताराने देतो.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ न्यूइंग्टन येथे एका लोहाराच्या घरी झाला. घरची गरिबी असल्यामुळे शिक्षण लिहिण्यावाचण्यापुरतेच झाले व चौदाव्या वर्षी ते पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवार राहिले. बांधावयास आलेली पुस्तके ते वाचून काढीत. १८१२ मध्ये सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्यांनी टिपणे केली व ती सुबक बांधून डेव्हींस पाठविली. पुढल्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांस मदतनिसाची जागा मिळाली.

तत्पूर्वी, १७९४ मध्ये, मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी हिंदुस्थानी पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे धाडले होते. इंग्रज लोक यास वूट्झ म्हणत. अध्यक्षांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट नामक कुशल कारागिराने त्याचा लेखणी तासण्याचा चाकू घडविला. ज्यांनी लहानपणी बोरू तासला आहे, त्या आमच्या महागावच्या वडीलधाऱ्यांस धारेचे मोल सांगावयास नकोच! घडविताना श्रम फार पडले. परंतु अनेक वर्षे तुलना केल्यावर युरोपातील उत्तम पोलादापेक्षा हेच सरस, असे स्टोडार्ट यांचे मत झाले, व त्यांनी ते आपल्या दुकानाच्या जाहिरातीतही छापले.

सरस खरे, पण का? या कोड्याने स्टोडार्ट व फॅरडे एकत्र आले. १८१९ मध्ये फॅरडे यांनी वूट्झचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यातील ॲल्युमिनियम व सिलिका यांच्या अंशामुळे हा गुण येतो, असा त्यांचा तर्क होता. तो तर्क चुकला. त्या पोलादात कार्बन शेकडा दीडच्या सुमारास असतो व त्याची कठीण संयुगे पट्ट्यांनी मांडली जातात; व्हॅनेडियमचा लेशमात्र अंशही त्यास साहाय्य करतो, असे १९९० नंतरच्या प्रयोगांत दिसून आले.

मात्र या चुकीच्या तर्कामागे जाताना त्यांनी जे केले ते अपूर्व होते. चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम, क्रोमियम असे नाना धातू त्यांनी पोलादात मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ मध्ये निष्कर्ष छापले. पाचशे भागांस एक भाग चांदी घातली तर पोलाद फार कठीण होते. अधिक घातली तर चांदी बाहेर फुटून येते. प्लॅटिनमचे पोलाद तितके कठीण नाही, पण चिवट आहे. कठीणपणा आणि चिवटपणा एकमेकांशी भांडतात, ही अडचण तेथे स्पष्ट झाली. आपल्या मिश्रणाचे वस्तरे फॅरडे स्नेह्यांस भेट देत असत.

आजही घडीचा चाकू घेणाऱ्यापुढे तीच अडचण आहे. साधे कार्बनी पोलाद दगडावर चटकन धार घेते. परंतु लिंबू कापून तसेच ठेवले तर डागाळते. २००१ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एस-थर्टी-व्ही पोलादात क्रोमियम शेकडा सुमारे १४ व व्हॅनेडियम ४ असते. ते सहसा गंजत नाही व धार दीर्घकाळ टिकविते. मात्र एकदा बोथट झाले की साध्या दगडास दाद देत नाही, हिऱ्याच्या भुकटीची पट्टी लागते. आमच्या मते खेड्यातील रोजच्या कामास पहिलेच बरे, पुसून ठेवण्याचा आळस नसेल तर. फॅरडे यांनी क्रोमियम शेकडा ३ पर्यंतच घातले होते. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये ते प्रमाण तेराच्या आसपास नेले, तेव्हा न गंजणारे पाते हाती आले.

१८२३ मध्ये स्टोडार्ट वारले. त्यानंतर हे काम मागे पडले व फॅरडे विजेचेच झाले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या पोलादाचे ७९ तुकडे एका लाकडी पेटीत राहून गेले होते. मँगॅनीज पोलादाचे जनक सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनी ते तपासले व १९३१ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला.