जॉर्ज वॉशिंग्टन यांचे दात खरंच लाकडाचे होते का? मिटलेल्या ओठांमागची वेदनादायी गोष्ट

अमेरिकेची एक डॉलरची नोट तुम्ही फोटोत तरी नक्कीच पाहिली असेल. तिच्यावरचा जॉर्ज वॉशिंग्टन यांचा चेहरा आठवा. ओठ घट्ट मिटलेले आणि तोंडाचा भाग थोडा फुगलेला. हा चेहरा गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराने १७९६ मध्ये काढलेल्या चित्रावरून घेतला आहे. त्या वर्षापर्यंत वॉशिंग्टन यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरला नव्हता.

चोविसाव्या वर्षी पहिला दात गेला

वॉशिंग्टन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनियात झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांनी पैसे देऊन पहिला दात काढून घेतला आणि मग हे सत्र थांबलंच नाही. त्यांच्या हिशेबाच्या वह्यांमध्ये दातांचे डॉक्टर, ब्रश, दंतमंजन आणि औषधं यांवरचा खर्च वारंवार दिसतो.

म्हणजे त्यांनी दातांकडे दुर्लक्ष केलं असं नाही. मग दात का गेले? तरुणपणी त्यांना देवी आणि मलेरियासारखे आजार झाले होते. त्या काळात अशा आजारांवर पाऱ्याचं औषध सर्रास दिलं जायचं आणि पारा दात व हिरड्यांना घातक असतो. त्यांच्या बाबतीत हेही एक कारण असावं, असं मानलं जातं.

राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा एकच दात

स्वातंत्र्ययुद्ध जिंकून देणारा हा सेनापती ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. तेव्हा त्यांच्या तोंडात फक्त एक नैसर्गिक दात होता. जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने त्यांना जी कवळी बनवून दिली, तिच्यात त्या एका दातासाठी छिद्र ठेवलं होतं. पुढे तोही दात काढावा लागला.

आता लाकडाच्या दातांबद्दल. ही निव्वळ दंतकथा आहे. त्यांच्या कवळ्यांमध्ये पाणघोड्याचे सुळे, गुरांचे आणि माणसांचे दात, शिसं, सोनं आणि पितळ वापरलं जायचं. सुळ्यांच्या हस्तिदंतावर डाग पडले, बारीक चिरा गेल्या की ते लाकडासारखं दिसतं. गैरसमज बहुधा तिथूनच झाला असावा.

काही कवळ्या स्प्रिंगवर चालायच्या. स्प्रिंग तोंड उघडं ठेवायला पाहायची, म्हणून जबडा सतत दाबून धरावा लागे. हिरड्या दुखत, बोलताना त्रास होई, खाणंही मऊच लागे. कवळीमुळे ओठ पुढे येतात, ही तक्रार त्यांनी ग्रीनवुडकडे पत्रातून केली होती.

माणसांचे दात आले कुठून?

गोष्टीचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग इथे आहे. माउंट व्हर्नन या त्यांच्या मळ्यावर शेकडो गुलाम राबत होते. १७८४ च्या हिशेबात कृष्णवर्णीयांकडून ९ दात घेतल्याची आणि त्यासाठी ६ पौंड २ शिलिंग दिल्याची नोंद आहे. जॉं-पिएर ल मेयर हा फ्रेंच दंतवैद्य तेव्हा जाहिरात देऊन दात विकत घेत असे. त्याने जाहीर केलेल्या भावाच्या एक तृतीयांशाहूनही ही रक्कम कमी होती.

हे दात वॉशिंग्टन यांच्याच तोंडात बसवले गेले का, हे नोंदीवरून सिद्ध होत नाही. पण पैसे दिले म्हणजे संमती होती, असंही म्हणता येत नाही. ज्याच्या शरीरावर मालकी दुसऱ्याची आहे, तो नाही कसा म्हणणार? दात देणाऱ्या त्या माणसांची नावंही त्या नोंदीत नाहीत.

१४ डिसेंबर १७९९ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, घशाच्या आजाराने वॉशिंग्टन यांचं निधन झालं. त्या आजाराचा दातांशी संबंध जोडायला पुरावा नाही. आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त करण्याची तरतूद मात्र त्यांनी मृत्युपत्रात केली होती.

आपल्यासाठी यात काय?

वॉशिंग्टन यांच्याकडे पैसा होता, डॉक्टर होते, पण आजचं वैद्यकीय ज्ञान नव्हतं. दात बिघडले की खाणं, बोलणं, झोप आणि चारचौघांत हसणंही बिघडतं, हे त्यांच्या आयुष्यात दिसतं. मधुमेह आणि हिरड्यांचे आजार एकमेकांना वाढवतात, हे आज आपल्याला माहीत आहे. हिरड्यांच्या आजारांचा हृदयविकाराशीही संबंध आढळला आहे, मात्र एकामुळेच दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही.

त्यामुळे दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या टूथपेस्टने ब्रश करा, तंबाखूपासून लांब राहा. ब्रश करताना हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल, तर दात हलायला लागायची वाट पाहू नका. डेंटिस्टकडे जा.